काळ्यांचा राजा

आलेल्या पत्राला उत्तर न देणे हे विचारी माणसाचे लक्षण आहे. विचार न करणारा माणूस दोन ओळी खरडतो आणि मोकळा होतो. त्र्यंबकराव अत्यंत विचारी होते. १९५१च्या एप्रिलमध्ये बाळकुमहून आलेल्या एका कार्डावर त्यांनी तीन वर्षे विचार केला.

कार्ड काळुरामचे होते. त्र्यंबकराव ठाण्याच्या कचेरीत कारकून असताना काळुराम शेताच्या कागदासाठी हेलपाटे घालत असे. कागद मिळायला आठ वर्षे लागली (त्या काळाच्या मानाने लवकर). तेवढ्या काळात मधल्या सुट्टीत चिंचेखाली फडके पसरून दोघांचे बुद्धिबळाचे काही शे डाव झाले. कागद मिळाला, त्र्यंबकराव निवृत्त होऊन डोंबिवलीत घरी बसले, आणि खेळ थांबला. त्यांच्याशी न बोलता दोन तास बसू शकणारा तो एकमेव माणूस होता. बाकीच्यांना संभाषण लागे.

कार्ड आले त्या साली मॉस्कोत जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. डोंबिवलीशिवाय तो नीट पार पडणे शक्य नव्हते, म्हणून वाचनालयाच्या ओट्यावर बुद्धिबळ अभ्यास मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष मधुअण्णा, चिटणीस त्र्यंबकराव (अक्षर चांगले आणि आवाज लहान, या दुहेरी पात्रतेवर). सुताराकडून भिंतीवर टांगायचा मोठा पट करून घेतला. खिळ्यांना पुठ्ठ्याच्या सोंगट्या अडकवायच्या, मुंबईच्या इंग्रजी पेपरातल्या चार दिवस शिळ्या चाली लावायच्या आणि जगज्जेत्याचे कुठे चुकले ते सांगायचे, असे कार्य असे.

पट अर्थातच घरगुती रीतीने मांडला होता. आपल्याकडे दोन्ही बाजूंचा राजा आपापल्या वजिराच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे राजासमोर वजीर येतो. मॉस्कोत राजासमोर राजा ठेवत. पेपरात चाली सोंगट्यांच्या नावाने छापत, राजापुढचे प्यादे, वजिराकडचा घोडा, अशा. त्यामुळे डोंबिवलीत पांढरे बरोबर चालत आणि काळ्यांचे सारे सैन्य भलत्याच बाजूला जाई.

पहिल्याच आठवड्यात अडचण उभी राहिली.

"अण्णा, प्याद्याने प्यादे मारले असे छापले आहे," त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "पण त्या घरात काही नाही."

"छापखान्याची चूक."

"सलग चौथ्या दिवशी?"

"छापखाना तोच आहे ना?" मधुअण्णा म्हणाले. हा मुद्दा बिनतोड होता.

एक दुरुस्ती समिती नेमण्यात आली. जी चाल पटावर बसणार नाही तिच्या जागी योग्य चाल बहुमताने ठरवायची, असा नियम झाला. चोवीस डावांत एकशे सदतीस चाली दुरुस्त झाल्या (पैकी एकोणीस एकमताने, एकीवरून दोन सभासद वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत). ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे. मॉस्कोत सामना बारा-बारा असा बरोबरीत सुटून जुन्या जगज्जेत्याकडेच पद राहिले. डोंबिवलीत आव्हानवीर सतरा-सात असा जिंकला आणि त्याच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

पण काळुरामचे कार्ड आले ते सामना अर्ध्यावर असतानाच. मजकूर असा:

'रावसाहेब, दंडवत. पोरीकडं, शालूकडं, आलेलो तवा तुमचा पट बघला. काल्यांचा राजा चुकीचे घरान हाय. आपले खेलान चालतं, पन साहेबाचे खेलान राजासमोर राजा लागतो. मना मिठागराचे साहेबानी शिकवलेलं. मंडळी मोठी, म्हनून बोललो नाय. बरोबर का चूक, एक कार्ड टाका. मंग खेलाला यीन.'

त्र्यंबकरावांनी माजघरात छोटा पट घेतला, राजासमोर राजा ठेवला आणि पहिला डाव लावला. प्रत्येक मारलेल्या घरात मारायला कोणीतरी होते. डाव सरळ शेवटापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी ते सभेत म्हणाले, "एक पत्र आले आहे. बाळकुमच्या काळुरामचे. मिठागरातले आहेत. त्यांचे म्हणणे..."

"मिठागरातले?" मधुअण्णांनी चष्मा पुसला. कोणीतरी हसले. "लिहा, चिटणीस: पत्र मिळाले, विचाराधीन."

त्र्यंबकरावांनी लिहिले. मग घरी उत्तराचे मसुदे केले. 'आपले म्हणणे बरोबर आहे' असे लिहावे तर मंडळाचा विश्वासघात. 'चूक आहे' हे खोटे. 'विचाराधीन आहे' हे माणसाला कसे लिहावे? असे चौदा मसुदे झाले.

"अहो, त्या माणसानं एक कार्ड मागितलंय," सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही काय मृत्युपत्र करताय?"

"शब्द सापडत नाही गं."

"त्याच्याशी बोलायला तुम्हाला शब्द कधीपासून लागायला लागले?"

कार्ड काही गेले नाही. काळुराम आला नाही. उत्तराशिवाय येणाऱ्यातला तो नव्हता.

१९५४च्या मार्चमध्ये पुढचा सामना सुरू झाला. पट पुन्हा भिंतीवर चढला. सोंगट्या लावायचे काम चिटणिसांचे. त्र्यंबकरावांनी इकडेतिकडे पाहिले, काळ्यांचा राजा उचलला आणि शेजारच्या वजिराशी त्याची जागा बदलली. आयुष्यातले त्यांचे हे पहिले बंड. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

पहिला डाव एकही दुरुस्ती न होता संपला. दुसराही. दुरुस्ती समिती हात चोळत बसली. आठवड्याभरात ओट्यावर अकरा माणसे उरली, त्यातली तीन पेपर वाचायला आलेली.

"यंदा खेळात दम नाही," मधुअण्णा म्हणाले. "सगळं सरळच चाललंय. मागच्या खेपेला काय एकेक चाल होती!" ते पटाजवळ गेले. "चिटणीस, हा राजा इथे कसा?"

त्र्यंबकरावांनी सांगितले. तीन वर्षांचे सारे सांगितले, काळुरामच्या नावासकट. त्यांच्या मानाने ते मोठे भाषण झाले.

"म्हणजे हे बरोबर आहे?" मधुअण्णांनी विचारले.

"हो."

"आणि पूर्वीचं चूक?"

"हो."

मधुअण्णांनी ठराव मांडला: सभासदांची घटती उपस्थिती लक्षात घेता राजा पूर्ववत ठेवण्यात यावा. ठराव एकमताने मंजूर झाला. (एकमताने, कारण त्र्यंबकरावांचाही हात सवयीने वर गेला होता.) वाचकांना हसू येणे स्वाभाविक आहे. त्यांनी हसून घ्यावे, आणि शेवटचा हात आपण कशासाठी वर केला होता ते सवडीने आठवावे.

राजा आपल्या जुन्या घरी गेला. लोक परत आले. त्र्यंबकरावांनी इतिवृत्त पुरे केले, खिशातून एक कोरे कार्ड काढले आणि पटाखालीच बसून लिहिले. मसुदा केला नाही.

'काळुराम, तुमचे बरोबर होते. मला त्याच दिवशी कळले होते. रविवारी या. पट तुम्ही मांडा.'

कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांच्या लक्षात आले की कोणत्या रविवारी ते लिहायचे राहिले. म्हणजे आता दर रविवारी घरी बसणे आले.