कोबीच्या वाफ्यातला आठवा विजय

पाडलेलं विमान पाडलेलं धरायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ते पाडणाऱ्याला नसतो. त्यासाठी कचेरी असते. १९१७ साली फ्लँडर्समधल्या आमच्या जर्मन लढाऊ विमानांच्या तुकडीत मी लेखनिक होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

एका मंगळवारी, ऐन जेवणाच्या वेळी, लेफ्टनंट हास्सो ग्रोटेनफेल्डनं एक इंग्रजी विमान पाडलं. ते थेट आमच्या भटारखान्यामागच्या कोबीच्या वाफ्यात येऊन रुतलं. बत्तीस जणांनी हातात चमचे धरून ते पाहिलं. वैमानिक जिवंत होता. पाय मोडून यंत्राखाली अडकला होता, एवढंच. हास्सोचा हा आठवा विजय, आणि आठ झाले की पदक.

मी अर्ज भरायला घेतला आणि घोटाळा झाला. साक्षीदार बाहेरच्या तुकडीचे लागतात. घरच्यांची साक्ष चालत नाही. त्यात शेजारच्या तोफखान्यानं कळवलं की विमान त्यांच्या गोळ्यानं पडलंय. झालं, प्रकरण वादग्रस्त ठरलं. आणि वादग्रस्त अवशेष तपासणी होईपर्यंत जागचे हलवता येत नाहीत.

"आणि आतला माणूस?" डॉक्टर ल्युडेकेंनी विचारलं.

"तो अवशेषांतच धरलाय, डॉक्टर," मी नियम काढून दाखवला.

हास्सो स्वभावानं सरळ. म्हणाला, "खड्ड्यात गेलं ते पदक. काढा त्याला बाहेर."

"अरे बाबा, पदक तुझ्या एकट्याचं असतं का?" कॅप्टन फॉन केल्श यांनी त्याची समजूत घातली. "तुकडीचा आकडा आहे तो."

पाडलेल्या शत्रूला जेवू घालायची आमच्यात रीत. ती आम्ही मोडली नाही. टेबल कोबीत नेलं, वाईन उघडली, कॅप्टननी पाहुण्याच्या दीर्घायुष्यासाठी पेला उंचावला. पाहुणा मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मला यानंच पाडलं असं लिहून देतो. मग तरी काढाल?" युद्ध संपेपर्यंत शत्रूची सही ग्राह्य नसते, हे मी त्याला नम्रपणे सांगितलं. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. पण दयेला जावक क्रमांक देता येत नाही.

बुधवारी हास्सो पहार घेऊन गेला, तर कॅप्टननी पुराव्यावर पहारा बसवला. गुरुवारी पाय काळा पडला. डॉक्टरांनी तो लांबून तपासला.

शुक्रवारी तपासणी अधिकारी आले. अर्जात शत्रूचा वैमानिक 'मृत' की 'कैदी', एवढंच विचारलेलं. कैदी म्हणावं तर त्याला अजून कोणी ताब्यात घेतलं नव्हतं. मृत म्हणावं तर तो पाणी मागत होता. अधिकाऱ्यांनी रकाना कोरा ठेवून थोडं थांबायचं ठरवलं. फार थांबावं लागलं नाही.

विजय हास्सोच्या नावावर मंजूर झाला. त्यानं पदकाला हात लावला नाही, म्हणून आम्ही ते जेवणघराच्या भिंतीवर टांगलं.

ही हकिकत मी पुढे अनेकांना सांगितली. विमान नक्की कोणी पाडलं, हास्सोनं की तोफखान्यानं, हे सगळे विचारतात. त्या इंग्रजाचं नाव काय होतं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. माझ्या अर्जात तसा रकानाच नव्हता. तुमच्यापुढे तर अर्जही नव्हता.