हिमानीचं लायसन्स

या खेपेला हिमानी पास होणारच होती! तीन महिने अभ्यास, भिंतभर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, सराव परीक्षांत उत्तम मार्क. शनिवारी सकाळी परीक्षा द्यायची आणि दुपारी विजयी मुद्रेने घरी यायचं, असा तिचा साधा बेत होता.

हिमानी सोशल वर्कर. अमेरिकेत फ्रिस्को शहराजवळच्या एका हॉस्पिटलात पेशंटच्या घरच्यांना धीर द्यायचा, डिस्चार्जनंतरची सोय लावायची, हे तिचं काम, आणि ते तिला मनापासून आवडायचं. पण इथे त्यालाही सरकारी लायसन्स लागतं. पहिल्या खेपेला ती चार मार्कांनी हुकली, कारण त्या परीक्षेचा मुख्य नियमच असा की समोरच्याला लगेच सल्ला द्यायचा नाही, आधी ऐकून घ्यायचं. आता मराठी माणसाने हे जमवायचं कसं? आणि महिनाअखेर लायसन्स आलं नाही, तर नोकरी जाणार होती.

तिच्या सासूबाई, पद्मिनीबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सून लायसन्सच्या परीक्षेत नापास झाली एवढंच त्यांच्या कानी पडलं. समाजसेवेला लायसन्स लागतं हे त्यांना पटेना. त्यांच्या मोहल्ल्यात समाजसेवा करणारे ढीगभर होते, एकाकडेही लायसन्स नव्हतं. तेव्हा हे लायसन्स गाडीचंच, आणि पोरगी लाजून भलतंच सांगते आहे! म्हणजे सून रोज बिनालायसन्सची गाडी हाकत होती. बाईंना धडकी भरली आणि त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या मालिनीकाकूंना विश्वासात घेतलं. मालिनीकाकूंना विश्वासात घेणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

बुधवारी दारात मंडळातलेच शशिकांतकाका हजर, हातात रस्त्यावर ठेवतात तसले दोन नारिंगी शंकू! काका रिटायर्ड. अमेरिकेत तीस वर्षं गाडी चालवून दंडाचं एकही तिकीट नाही, कारण ताशी चाळीस मैलांच्या वर ते कधी गेलेच नाहीत. त्यांनी ड्राइव्हवेत शंकू मांडले आणि हिमानीला समांतर पार्किंगवर तासभर लेक्चर दिलं. ती पुन्हापुन्हा सांगत होती की काका, हे लायसन्स वेगळं. काका मायेने हसले आणि म्हणाले की लाजायचं काही कारण नाही, त्यांचा मेहुणासुद्धा तीनदा नापास झाला होता.

हिमानी तणतणत घरात आली. पद्मिनीबाई तिच्या पर्समधून पडलेलं कार्ड हातात घेऊन उभ्या होत्या. "अगं, या कार्डावरची तारीख पाहिली का तू..." त्यांनी सुरुवात केली.

"आई, प्लीज! किती वेळा सांगू, गाडीचा काही संबंध नाही. मला अभ्यास करू द्या."

बाईंनी कार्ड तिच्या पर्समध्ये परत ठेवलं. हिमानीने दार लावून घेतलं आणि 'समोरच्याचं ऐकून घेणे' हा धडा चौथ्यांदा वाचायला काढला.

शनिवारी सात वाजता काका गाडी घेऊन हजर. लायसन्सच्या टेस्टला स्वतः गाडी चालवत गेलीस तर तिथेच धरतील, असं त्यांचं म्हणणं. नवरा निमिष कामासाठी ऑस्टिनला, वाद घालायला वेळ नाही, म्हणून ती मुकाट्याने बसली. वीस मिनिटांच्या रस्त्याला काकांनी पाऊण तास घेतला. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि काकांना वाटत होतं कुणाची तरी वरात चालली आहे.

परीक्षा केंद्रात काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र मागितलं. हिमानीने गाडीचं लायसन्स पुढे केलं. मुलीने ते उलटसुलट पाहिलं आणि हळूच म्हणाली की सॉरी, याची मुदत दोन आठवड्यांपूर्वीच संपली आहे, दुसरं काही आहे का?

व्हिसाचे कागद नवे झाले होते, पण जुन्या व्हिसाच्या तारखेला बांधलेलं लायसन्स तसंच राहिलं होतं! आत घेणं बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती आणि पासपोर्ट घरी. ती पार्किंगमध्ये आली ती रडतच.

"नापास?" काका हादरले. "इतक्या लवकर?"

तिने हुंदके देत पासपोर्टचं सांगितलं. काकांनी शांतपणे मागच्या सीटवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. "पद्मिनीवहिनींनी दिलीय. टेस्टला लागतं म्हणाल्या."

पिशवीत हिमानीचा पासपोर्ट होता. शिवाय लाइट बिल, घराचं ॲग्रीमेंट, चार फोटो आणि गणपतीचा अंगारा. गाडीच्या परीक्षेला जे जे लागतं, ते सगळं!

चार तासांनी ती बाहेर आली ती पास होऊन. घरी पोचल्यावर तिने आधी सासूबाईंना घट्ट मिठी मारली.

"आई, त्या दिवशी तुम्ही तारखेचं काय सांगत होता?"

"तेच ना. कार्ड संपलं म्हणून. पण तू ऐकूनच नाही राहिली."

हिमानीचा चेहरा पडला. मग ती त्यांच्याजवळ बसली आणि अर्धा तास मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत राहिली. बाईंच्या मनात बरंच साठलं होतं. इथे दिवसभर बोलायला कुणी नसतं, हेसुद्धा त्यात निघालं. हिमानीला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मालिनीकाकूंचा फोन आला.

"हो हो, मिळालं लायसन्स!" पद्मिनीबाई अभिमानाने सांगत होत्या. "नाही गं, गाडी नाही चालवता येत तिला अजून. सोमवारपासून शशिकांत भाऊजी सोडणार कामावर."

हिमानीने खोडून काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी त्यातला शब्द न् शब्द खरा होता.