पाटीवर आहे तेच करायचं

मुख्याध्यापिकाबाई दहा वाजता येणार होत्या, आणि दहाला सात मिनिटं कमी असताना बाबांनी पाटी पाडली.

तिला हात लावायचं काही कारण नव्हतं. ती एका बाजूला किंचित कलली आहे असं त्यांना वाटलं, एवढंच. बाबा सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होते, त्यामुळे घरात काही तिरकं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. खिळा निघाला, पाटी आपटली, तिच्याखालचा डबा लवंडला आणि दोन्हींतली कार्डं खोलीभर उधळली.

त्या घराचा कारभार ही पाटीच चालवत होती. नऊ वर्षांची भिंगरी स्वमग्न. पुढे काय होणार हे ठाऊक नसलं की तिचा जीव कासावीस होई. मग ती कान दाबून असेल तिथं बसकण मारी आणि तास-दोन तास उठत नसे. तिच्या विशेष शिक्षिकेनं यावर तोड काढली होती. दिवसातल्या एकेका कामाचं एकेक चित्र काढायचं आणि ती चित्रं वरून खाली ओळीनं चिकटवायची. काम झालं की ते कार्ड डब्यात टाकायचं आणि पुढचं बघायचं. पाटी आल्यापासून घर शांत होतं. नियम एकच होता: पाटीवर आहे तेच करायचं, आणि घरात जो कोणी असेल त्यानं करायचं. हा नियम बाबांनीच मोठ्या उत्साहानं केला होता.

आज नेमकं गोंधळून चालणार नव्हतं. दोन शाळांनी भिंगरीला "जागा नाही" म्हणून परत पाठवलं होतं, आणि दोन्हीकडची रिकामी बाकं आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चालत जाता येईल अशी ही तिसरी आणि शेवटची शाळा. इथल्या मुख्याध्यापिका मुलीला तिच्या घरी पाहून मगच प्रवेशाचं ठरवणार होत्या.

"अहो, कसला आवाज झाला?" भिंगरीची वेणी घालता घालता आईनं आतून विचारलं.

"काही नाही! पाटी पुसतोय!" बाबांनी गुडघ्यांवर रांगत उत्तर दिलं, पाटी भिंतीला टेकवली आणि हाताला येतील तशी कार्डं भराभर चिकटवून टाकली. बाईंचं कार्ड मात्र त्यांनी आठवणीनं सगळ्यांत वर लावलं. तेवढ्यात घंटी वाजलीच.

बाई उंच होत्या. समोर आल्या की माणूस नकळत शर्टाची बटणं चाचपून बघेल, अशी त्यांची नजर होती. त्या खुर्चीवर टेकल्या तोच भिंगरी बाहेर आली, पाटीवरचं पहिलं कार्ड काढून तिनं डब्यात टाकलं आणि म्हणाली, "पाहुण्या आल्या. झालं."

"ही काय पद्धत आहे?" बाईंनी विचारलं.

बाबांना स्फुरण चढलं. त्यांनी पाटीची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी ते छाती फुगवून म्हणाले, "या घरात सगळे पाळतात बरं का. लहान-मोठा भेद नाही. पाहुणेसुद्धा!"

"उत्तम. मला शिस्त आवडते. माझ्या शाळेत शिस्तीशिवाय पान हलत नाही. मीही पाळीन की!"

"दात घासणे," भिंगरीनं पुढचं कार्ड वाचलं.

आईनं पाटीकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"बाळा, दात सकाळीच घासले ना आपण?" आई म्हणाली.

"कार्ड आत्ता आहे," भिंगरी म्हणाली. तिचे हात हळूहळू कानांकडे निघाले.

बाबा घाईघाईनं बाईंच्या कानाशी वाकले. "एवढं कराल का? नवा ब्रश आहे घरात. वेष्टनसुद्धा काढलेलं नाही."

बाई दिलेल्या शब्दाला पक्क्या होत्या, किंवा तसं दाखवणं त्यांना भाग होतं. दोन मिनिटांनी बेसिनपाशी चौघंही रांगेनं उभी राहून दात घासत होती आणि भिंगरी तोंडातल्या फेसातून वीसपर्यंत आकडे मोजत होती. बाईंनी अठरालाच चूळ भरली. त्यांना पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली.

"पुढे काय आहे हो?" बाईंनी तोंड पुसत विचारलं.

बाबांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. पुढचं कार्ड आंघोळीचं होतं. त्यांनी हळूच हात लांबवून ते काढायचा प्रयत्न केला, पण वेलक्रोचा फर्रकन आवाज झाला.

"बाबा, न करता कार्ड काढायचं नाही."

"नाही काढत, बेटा. नुसतं... घट्ट करत होतो."

"आंघोळ," भिंगरी म्हणाली आणि तिनं बाईंच्या हातात टॉवेल दिला.

आई मनातल्या मनात चौथी शाळा शोधू लागली. बसनं जावं लागलं तर किती वाजता निघावं लागेल, याचाही हिशेब तिनं करून टाकला. बाई मात्र चष्मा सरसावून पाटीजवळ गेल्या आणि कार्ड नीट न्याहाळू लागल्या.

"या चित्रात काय काय दिसतंय गं तुला?"

"बादली. तांब्या. पाणी."

"माणूस दिसतोय?"

भिंगरीनं नाक कार्डाला टेकेपर्यंत वाकून पाहिलं. "नाही."

"मग आंघोळ कोणाची?"

भिंगरीनं चित्रातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवलं. "बादलीची," ती शेवटी म्हणाली आणि तिनं आनंदानं जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या.

बादलीला साबण लावून आंघोळ घालण्यात आली. बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. पण भिंगरीनं त्यांचं बोट धरून त्यांना बाहेर आणलं, तेव्हा आईला आश्चर्य वाटलं, कारण ती सहसा कोणाचं बोट धरत नसे.

पुढचं कार्ड झोपेचं होतं.

"सकाळी साडेदहाला?" बाई एवढंच म्हणाल्या. तोवर पडदे ओढले गेले होते, सोफ्यावर उशी आली होती आणि गजर वीस मिनिटांवर लावला गेला होता. बाई मुकाट्यानं आडव्या झाल्या. भिंगरी पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडली. आई-बाबांना खाली सतरंजीवर झोपावं लागलं.

"पाटी पुसत होतात ना?" आई कुजबुजली.

"अगं, तिरकी होती."

"तुम्ही तिरके आहात! पोरीच्या प्रवेशाचा पार विचका केलात."

"हळू बोल, बाई ऐकतील."

बाईंना काहीही ऐकू जाणार नव्हतं. त्या घोरत होत्या. पर्समधला त्यांचा फोन तीनदा वाजून थकला, तरी त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. गजर झाला तेव्हा त्या दचकून उठल्या आणि आपण कुठे आहोत हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

"किती महिन्यांनी डोळा लागला माझा," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

आता कार्ड आलं गप्पांचं. आईचा जीव भांड्यात पडला. याच्यासाठी तिनं आठवडाभर तयारी करून घेतली होती. नाव काय, आवडता रंग कोणता, तहान लागली तर काय करशील, सगळी उत्तरं पाठ होती. बाईंनी वही उघडली आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"थांबा," भिंगरी म्हणाली. "चित्रात बोलायचा फुगा मुलीच्या तोंडातून आलाय. बाईंच्या नाही. मी विचारणार."

आईनं बाबांकडे पाहिलं. "चित्र काढताना दुसऱ्या फुग्याला जागा पुरली नाही मला," बाबा ओशाळून म्हणाले.

"शाळेची घंटा किती वाजता होते?" भिंगरीनं विचारलं.

"साडेदहाला."

"रोज?"

"रोज. म्हणजे... साधारण साडेदहाला."

"साधारण म्हणजे किती?"

"शिपाई आला की."

"पहिला तास कसला?"

"वेळापत्रकात गणित आहे."

"आणि खरा?"

"गणिताच्या बाई आल्या तर गणित. नाहीतर चित्रकला. नाहीतर मैदान. नाहीतर मुलं नुसती बसतात." बाईंचा आवाज बारीक होत गेला.

"हे मुलांना आधी कळतं?"

"नाही गं. मलाही नाही कळत."

भिंगरीनं कार्ड काढून डब्यात टाकलं. "झाल्या गप्पा. ही शाळा नको."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आधीच्या दोन्ही वेळा नकार शाळेचा होता; आता तो आपल्याच घरातून गेला होता, आणि पोरीचं काही चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. बाबांनी क्षमा मागायला तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाई शरमेनं लाल झाल्या होत्या. त्या भिजलेल्या बाह्यांनिशी सरळ जमिनीवर, भिंगरीसमोर मांडी घालून बसल्या.

"आणि आम्हीही अशी पाटी लावली तर? फाटकाजवळ, मोठी?"

"तिच्यावर असेल तेच होणार?"

"तेच होणार."

"शिपाईकाका पण ऐकणार?"

"त्यांच्याशी मी बोलते."

भिंगरी डब्यातली कार्डं मोजू लागली. बाई बाबांकडे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "तिला विचारा ना, तयारीला महिनाभर मिळेल का आम्हाला?"

"पंधरा दिवस," भिंगरी म्हणाली. "मग मी बघायला येईन आणि ठरवीन."

बाईंनी वही उघडली आणि तारीख लिहून घेतली.