डावी घासलेली, उजवी बदललेली

एका जंगलात एकच जीप होती, मुलांनो, आणि तिला ब्रेक होते. निदान गोष्टीच्या सुरुवातीला तरी होते.

जंगल डोंगरावर होतं आणि तळं खाली. उन्हाळ्यात वरचे झरे आटले, की सगळी जनावरं जीपमध्ये बसून घाट उतरायची, पाणी प्यायची आणि परत वर यायची. जीप चालवायचा गेनू गवा. अंगाने आडदांड, पण गाडी अशी अलगद उतरवायचा, की मागच्या सीटवर ससे खुशाल झोपायचे.

एके दिवशी गेनू सरपंचांकडे गेला. सरपंच होते मोर.

"पाय ठिवला की पेडल थरथरतंय," गेनू म्हणाला. "चाकातनं खरखर येतीया. म्होरच्या डिस्क बघायला पायजेत."

आता डिस्क म्हणजे काय, हे तुम्ही बाबांना विचारा. त्यांना माहीत नसेल, पण ते सांगतील. मी खरं काय ते सांगतो. चाकाबरोबर लोखंडाची एक चकती फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. रोज असं चिमटीत धरलं तर कोणीही झिजेल. तशी ती झिजते.

गॅरेजवाल्या अस्वलाने पुढची चाकं काढली. दोन्ही डिस्कवर नख अडकेल असे चरे पडले होते.

"लेथवर घासून देतो," अस्वल म्हणालं. "नव्यावानी गुळगुळीत हुतील."

अस्वलाने त्याच महिन्यात लेथ, म्हणजे लोखंड फिरवून घासायचं यंत्र, आणला होता. तेव्हापासून त्याला जगातली प्रत्येक वस्तू घासण्याजोगी दिसत होती.

"घासताय काय?" शेजारून तरस म्हणालं. "सरळ बदला."

तरसाचं सुट्या भागांचं दुकान होतं. त्याच्याकडे एकदा कोणी वायपर घ्यायला गेलं, ते दोन दरवाजे घेऊन परत आलं.

झालं. दोन दिवसांत जंगलात दोन पक्ष पडले. घासू पक्ष म्हणाला, ज्या डिस्कने आपल्या वाडवडिलांना घाट उतरवला ती फेकणं हा कृतघ्नपणा आहे. बदलू पक्ष म्हणाला, जग कुठे चाललंय ते बघा. जग कुठे चाललंय हे कोणालाच माहीत नव्हतं, पण ते नव्या डिस्कवर चाललंय याची त्यांना खात्री होती. घराघरांत अबोला सुरू झाला. माकडांनी दोन्ही पक्षांच्या घोषणा दिल्या, कारण माकडांना घोषणा आवडतात.

चाकं परत बसवली होती. गेनू रोज दोन फेऱ्या मारत होता. प्रत्येक वळणाआधी तो गिअर खाली टाकायचा आणि मगच ब्रेकला पाय लावायचा. मागे ससे झोपलेले असायचे.

शेवटी भर सभेत तो उभा राहिला. "सरपंच, डिस्कवर आकडा कोरल्याला असतोय. त्याच्याखाली जाडी गेली, की घासायची न्हाई, बदलायची. भांडताय कशापायी? मोजा की."

कोणाला हे सुचलं नव्हतं. मोजायला ओढ्यातल्या खेकडाबाईंना बोलावलं. खेकड्यांची बदनामी फार झाली आहे, मुलांनो. पण बारीक माप घ्यायला त्यांच्या नांगीसारखं हत्यार नाही. बाईंनी डावी डिस्क नांगीत धरली, मग उजवी.

"लिवलंय बावीस मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "दोन्ही भरत्यात वीस. घासायला आता काय ऱ्हायलंच न्हाई."

सरपंचांनी पिसारा मिटला.

"आपण कोणत्या पक्षाच्या?" त्यांनी विचारलं.

"मी मोजती फक्त."

"तसा पक्ष आपल्याकडे नोंदलेला नाही," सरपंच म्हणाले आणि बाईंना मानाने ओढ्यात पोचवण्यात आलं.

मग त्यांनी तोडगा काढला. डावी डिस्क अस्वलाने घासायची. उजवी तरसाने बदलायची. कोणीच नाराज नाही. टाळ्या पडल्या, अबोले संपले, माकडांना घोषणा द्यायला काही उरलं नाही म्हणून ती तेवढी हिरमुसली.

"अवो, अशानं दोन्ही चाकं सारखी धरतील व्हय?" गेनू कळवळून म्हणाला. "गाडी उजवीकडं वडल. उजवीकडं दरी हाय."

"गेनूराव, समाज म्हटला की थोडी ओढाताण चालायचीच," सरपंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर गेनूने ब्रेक दाबला. उजव्या चाकाने गच्च धरलं. डावी डिस्क घासून घासून पापडासारखी झाली होती. ती तापली आणि तडकली. जीप दरीकडे निघाली. गेनूने सगळं बळ लावून स्टिअरिंग डावीकडे पिळलं आणि गाडी डोंगराच्या अंगावर घातली.

सगळे वाचले. साळिंदराशेजारी बसलेल्यांना जरा जास्त टोचलं, इतकंच. गेनूचं मात्र डावं शिंग टोकापासून हातभर मोडलं. तो खाली उतरला आणि आधी ससे मोजले. सगळे भरले, तेव्हा तो रस्त्यात बसून रडला. मला तो फार आवडतो, म्हणून हे सांगितलं. चौकशी अहवालात ते नाही.

अहवालात असं आहे, की ब्रेक सर्वानुमते बसवलेले असल्यामुळे दोष ब्रेकचा असू शकत नाही. शिवाय ड्रायव्हरने अपघाताची आगाऊ वाच्यता केली होती, हे संशयास्पद आहे.

राहिला प्रश्न गेनूचा. अस्वल म्हणालं असतं, तर ते मोडकं शिंग लेथवर घासून नीटनेटकं झालं असतं. पण या वेळी दोन्ही पक्षांचं एका मिनिटात एकमत झालं: बदला.

आता जीप सरपंचांचे मेहुणे चालवतात. पेडल थरथरल्याची त्यांची एकही तक्रार नाही. त्यांचा पाय पेडलपर्यंत पोचतच नाही. ससे मागच्या सीटवर डोळे टक्क उघडे ठेवून बसतात.

तात्पर्य: झिजलेली डिस्क घासावी की बदलावी हे ठरत नसेल, तर ड्रायव्हर बदलावा. कुठल्याही गाडीत सर्वांत सहज निघणारा भाग तोच असतो.