दाजीकाकांचा गूळ

दाजीकाकांनी हातावर गुळाचा खडा ठेवला की आमच्या आळीतली जाणती पोरं तो तिथंच टाकून धूम ठोकत. नेणती पोरं खात. मग काका सुपारी कातरत बसत, पोराला मांडीशी घेत, नाव विचारत, गाव विचारत. त्यांचा विडा चघळून होईतो असा काही लाडीगोडीचा मामला चाले की नवख्याला वाटावं, काय प्रेमळ म्हातारा आहे! विडा संपला की ते उठून थुंकून येत, डाव्या हातानं पोराचं नाक दाबत आणि उजव्या हातानं पळीभर काळा काढा त्याच्या घशात ओतत. त्यानंतर जी बोंब उठे ती रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर बोटीची वाट बघत बसलेल्यांनाही ऐकू जात असावी.

"जंत गोडाला येतात," काका समजावून सांगत. "आतड्यात कुठं कुठं लपलेले असतात, ते गुळावर गोळा होतात. मग वरनं कडू सोडायचं. एक सुटत नाय."

आणि गूळ देताना दर वेळी एकच वाक्य. "घे हो बाळ. मागनं काय नाय."

मागनं नेहमी काहीतरी असेच. वावडिंग असे, पळसाच्या बिया असत, किरमाणी ओवा असे, कुड्याची साल असे. हे सगळं पोटात स्थिरावतंय न स्थिरावतंय तोच दुसऱ्या दिवशी सकाळी एरंडेल असे.

काका बंदरावरच्या जकात नाक्यावर कारकून होते. उभा जन्म लोकांची गाठोडी सोडून आत काय दडवलंय ते बघण्यात गेला. पेन्शनीत आल्यावर गाठोडी सुटली, पण आत बघायची खोड काही सुटली नाही.

महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी कचेरीत चिकटलो आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा होता, तोही एका जागी ढासळलेला. पहिल्याच दिवशी त्या खिंडारातून काका आले. रामराम नाही, विचारपूस नाही. सरळ माझी खालची पापणी ओढून आत बघितलं आणि म्हणाले, "फिकट आहे. झोपेत दात खाता काय?"

मी वैतागून म्हटलं, "झोपेत काय करतो ते मला कसं कळणार? आमच्या कुटुंबाला विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. आणि नवीन लग्न झालेलं आमचं कुटुंब दाराआडून म्हणालं, "खातात." तो काढा मी प्यालो. त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी मनातून काही जमलं नाही.

त्यांना वेळकाळ नव्हता. आळीत एका घरी मुलगी बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले, आता बोलणी व्हायची, एवढ्यात काकांनी उठून नवऱ्या मुलाची पापणी ओढली आणि सगळ्यांदेखत जाहीर केलं, "मुलगा चांगला आहे. पण आधी औषध, मग मुलगी." ते लग्न मोडता मोडता राहिलं. एकदा नवे मामलेदार आळीवरून चालले होते. देशावरचा माणूस, त्यांना आमच्याकडची रीत काय ठाऊक! एक वृद्ध गृहस्थ वाटेत थांबवून गूळ-पाणी देतो याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पळीचं काय झालं ते मला नीट कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत आले नाहीत. पुढे आले तेव्हा चेहरा उजळ दिसत होता, मात्र साहेबांसमोर दाजीकाकांचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

पावसाळ्यात ते घरोघर चुलीपाशी डोकावत. "टाकळ्याची भाजी केलीत काय? पोरांना दिलीत काय?" बायका वैतागत, पण करत. तान्ह्या पोराच्या दुधात वावडिंग उकळलं नाही असं त्यांना कळलं, तर त्या घरच्या बाईला ते मोठ्या माणसांसमोर बोलत. काकांच्या औषधानं आळीतल्या पोरांची पोटं सपाट झाली, गाल भरले, हे कुणी नाकारत नव्हतं. उपकार सगळ्यांनी घेतले. पण म्हातारा मात्र कुणाला आवडला नाही.

ते कळायचं संक्रांतीला. काका धुतलेलं धोतर नेसून, डब्यात तिळगूळ घेऊन आळीभर हिंडत. त्यांना बघताच पोरं माडांवर चढत. मोठी माणसं "ठेवा हो तिथं, मग खातो" म्हणत. मीही तसंच म्हणे. काका डबा भरलेला घेऊन परत जात आणि पडवीत बसून त्यातला एखादा स्वतःच खात. मला ते दृश्य बघवत नसे, आणि तरी पुढच्या वर्षी मी तेच म्हणे.

घरात ते एकटे होते. बायको जाऊन वर्षं झाली होती. मुलगी लांज्याकडे दिली होती, ती पहिल्या बाळंतपणात गेली आणि मागे नात राहिली, यमू. जावयानं दुसरं लग्न केलं. यमू वर्षाचे अकरा महिने तिकडे सावत्र आईच्या हाताखाली असे आणि आंब्याच्या दिवसांत आजोबांकडे येई. दाजीकाकांचं वर्ष त्या एका महिन्यासाठी चालायचं.

पहिल्यांदा मी तिला पाहिली तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असेल. खटाऱ्यातून उडी मारून "आजोबा!" करत धावत आली आणि त्यांच्या धोतराला बिलगली. काकांनी तिला उचलली. उचलल्या उचलल्या पापणी ओढून बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पोरगी कागदासारखी पांढरी होती. पोट नगाऱ्यासारखं. ओठांच्या कडेला तांबडी माती लागलेली, कारण ती भिंतीचा गिलावा खरवडून खायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तिला मांडीवर घेतलं आणि गुळाचा खडा दिला. "मागनं काय नाय हां, माझ्या बाय." तिनं हसत खाल्ला. विडा झाला, नाक दाबलं गेलं, पळी रिकामी झाली. पोरगी रडली नाही. तिनं काकांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला, मांडीवरून उतरली आणि म्हणाली, "तुमचा गूळ खोटा."

मग ती गडग्याच्या खिंडारातून आमच्याकडे आली. आमच्या कुटुंबाला तोवर मूलबाळ नव्हतं. तिनं यमूला पोटाशी धरलं, तोंड धुवून दिलं, आंब्याचं साठ दिलं. त्यानंतर यमू सुट्टीला यायची ती आमच्याच घरी. जेवण आमच्याकडे, खेळ आमच्याकडे. आजोबांकडे नुसती निजायला जाई आणि तेही पाठ करून.

दर वर्षी ती तशीच पांढरी होऊन यायची. दर वर्षी काका तिला पकडायचे, आता गुळाशिवायच, कारण ती त्यांच्या हातचं गोड तोंडात घेईना. ती ओरडायची, लाथा मारायची, काका हात पाय धरून काढा पाजायचे. महिन्याभरात तिच्या गालांवर रंग चढायचा आणि तो रंग घेऊन ती आजोबांकडे न बघता खटाऱ्यात बसायची. ती असेतो काका रोज संध्याकाळी गडग्याच्या एका चिऱ्यावर गुळाचा खडा ठेवत. त्या गुळाच्या मागे खरोखरच काही नसे. यमू त्या वाटेनं दहादा येई-जाई, पण हात लावत नसे. तो गूळ मुंग्या नेत.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही. गडग्यापाशी जाऊन मी म्हटलं, "काका, एवढीशी पोर. दुपारी तिला जनावरासारखी दाबून धरलीत. तुम्हाला दया माया काही आहे की नाही?"

काका चिऱ्यावर बसले. म्हणाले, "होती. विष्णूच्या वेळी होती."

विष्णू म्हणजे त्यांचा मुलगा. तो लहानपणी गेला एवढंच मी ऐकलं होतं.

"यमूसारखाच झाला होता. माती खायचा, पोट मोठं. हिनं काढा करून दिलान नि म्हणाली, मी सोवळ्यात आहे, तुम्ही पाजा. विष्णूनं काढा बघितलान नि असा रडायला लागला, असा रडायला लागला… मला बघवेना हो. मी काढा माडाच्या मुळात ओतला, त्याला गुळाचा खडा दिला नि हिला सांगितलं, प्यायलान. रोज सकाळी तसंच. पोरगा माझ्यावर असा खूश! बाबा, बाबा म्हणून दिवसभर मागनं हिंडायचा. पावसाळ्यात गेला."

मी त्यांच्या शेजारी चिऱ्यावर बसलो.

"तो माड अजून धरतो," काका म्हणाले आणि आत गेले. परसातल्या त्या माडाचे नारळ ते कोणाला तरी देऊन टाकत. त्यांच्या स्वयंपाकघरात तो नारळ कधी फुटलेला मी पाहिला नाही.

हे मी घरी सांगितलं. कुटुंबानं एक उपाय काढला. यमू तिच्या हातचं सगळं खाते. काकांनी गोळ्या करून द्याव्यात, ती गुळाच्या पोळीत घालून भरवील. म्हणजे पोरीला कळणार नाही, ओरडा नाही, आणि पुढेमागे आजोबांवरचा रागही जाईल. मला ही युक्ती फार पसंत पडली. आम्ही दोघं मिळून सांगायला गेलो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "नको, वहिनी. तुम्ही नका देऊ. आज ना उद्या जिभेला कळेल तिच्या. मग ती तुमच्याही हातचं खायची नाय. तिकडं तिला कोण गोड देतंय? एक तरी घर असू दे तिला, जिथला गूळ खरा आहे."

"आणि तुम्ही?" कुटुंबानं विचारलं.

"मला शिव्या देऊ दे. पण शिव्या द्यायला मोठी होऊ दे."

माझ्या मनातली अढी त्या दिवशी गेली. पुढच्या संक्रांतीला मी काकांचा तिळगूळ त्यांच्यासमोर तोंडात टाकला. ते इतके गांगरले की माझ्या पाया पडायला वाकले. मी त्यांना वरच्या वर धरलं.

यमू मोठी झाली. माती खाणं सुटलं, अंग भरलं, लग्न झालं. लग्नात आजोबांना वाकून नमस्कार केला तो नवऱ्याबरोबर, रीत म्हणून. त्यानंतर ती रत्नागिरीला आलीच नाही. काका संध्याकाळी गडग्यावर बसत, पण आता खडा ठेवत नसत. कुणासाठी ठेवायचा?

मग एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. ताप हटेना, अन्न जाईना. डॉक्टरांनी बाटलीभर कडू औषध दिलं, आणि ज्या माणसानं सगळ्या आळीची नाकं दाबली त्यानं दात घट्ट मिटून घेतले. आम्ही विनवण्या केल्या. काका नुसती मान हलवत. "कशाला हो आता?" कुटुंबानं सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर यमूला निरोप धाडला. ती येईल असं मला वाटत नव्हतं.

ती आली. सवयीप्रमाणे आधी आमच्याकडेच आली. पाणी प्याली, आणि पेला हातात धरून विचारलं, "औषध घेत नायत?" मी नाही म्हटलं. ती उठली आणि गडग्याच्या खिंडारातून पलीकडे गेली. आम्ही मागोमाग गेलो.

कोनाड्यातला डबा तिला ठाऊक होता. तिनं गुळाचा खडा काढला आणि उशाशी बसली.

"आजोबा, तोंड उघडा."

काकांनी डोळे उघडले. आधी खड्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मागनं काय आहे?"

"कडू आहे," यमू म्हणाली. "मी खोटं नाय सांगायची. आधी गूळ, मागनं कडू."

काकांनी तोंड उघडलं. विडा चघळून होईल इतका वेळ ती त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. मग डाव्या हातानं नाक दाबलं आणि औषध ओतलं. काका खोकले, डोळ्यांतून पाणी आलं. यमूनं डब्यातून दुसरा खडा काढून त्यांच्या जिभेवर ठेवला.

"नंतर गूळ नाय द्यायचा गो," काका पुटपुटले. "उरलेसुरले जंत परत धरतात."

"धरू देत."

काकांनी तो चघळला. मग त्यांची बोटं डब्याकडे गेली. त्यांनी एक खडा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घे, बाय. मागनं काय नाय."

शब्द तोंडून गेले आणि काकांना आपण काय म्हटलं ते कळलं. त्यांचा हात मागे जायला लागला. यमूनं मनगट धरून तो थांबवला आणि त्यांच्या हातूनच गूळ खाल्ला. खाताना तिचा डावा हात आपोआप नाकाकडे गेला.

"सोड नाक," काका म्हणाले. "काढा करणारा आडवा झालाय."

आम्ही सगळे हसलो. यमूही हसली, पण तिचा हात तोंडावरून निघेना, आणि मग ती काकांच्या छातीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. लहानपणी काढा पिताना कधी रडली नव्हती, तेवढी.

काका आणखी थोडे दिवस काढून पावसाच्या आधीच गेले. यमू सासरी निघाली तेव्हा गडग्याच्या त्या चिऱ्यावर तिनं गुळाचा एक खडा ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. मी झटकायला गेलो तर कुटुंब म्हणालं, "असू दे. नेऊ देत त्यांना."