दरबारी डॉक रुसला त्याचे वर्तमान

श्रीवीजदेवी प्रसन्न. जी भिंतीच्या पोटी वसते, कोणास दिसत नाही, आणि गेली म्हणजेच जिची आठवण होते, तीस प्रथम नमन करोन वर्तमान लिहितो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया, सौम्यवासर, ते दिवशी एका राज्यात दरबार भरला. राज्याचे नाव सांगू नये ऐसे ठरले आहे. तेथे सदानंदपंत कर्णिक नामे चिटणीस होते. महिनाअखेर त्यांची सेवानिवृत्ती. पूर्वपेठेस नळाचे पाणी नेण्याची योजना त्यांनी कैक वर्षे खपोन सिद्ध केली होती, आणि दरसाल ती श्रीमंतांपुढे ठेवावी तो कधी श्रीमंतांस पडसे व्हावे, कधी पाहुणे यावे, आणि मग योजना पुढील दरबारावर जावी. आता पुढील दरबार पंतांच्या वाट्यास नव्हता, आणि नवे चिटणीस येणार ते पश्चिमपेठेचे जावई. सबब आज मंजुरी जाहली तर जाहली, नाही तर पूर्वपेठेच्या बायांनी टँकरच्या वाटेवर हंडे मांडोन आणखी एक जन्म काढावा, ऐसा प्रसंग. त्या बाया, आणि त्यांच्या म्होरक्या अनसूयाबाई लोणारी, सज्जात येऊन बसल्या होत्या.

ऐसियास योजना पंतांच्या लॅपटॉपात, आणि भिंतीवरील थोर पडदा डॉकाच्या ताब्यात. डॉक म्हणजे वीतभर काळी पेटी. तीत एकीकडोन चार्जरची वायर शिरे, दुसरीकडोन निघोन लॅपटॉपास वीज पुरवी आणि त्यातील चित्र पडद्यावर पाडी, ऐसा तिचा करार. हे डॉक राज्यात आले तेव्हा खजिनदार विष्णुपंत पोंक्षे यांनी, "एका घोड्यास दोन तोबरे कशास?" म्हणोन सर्वांचे जुने चार्जर जमा करोन कोठीत घातले, आणि कोठीवाला किल्लीसह गावी गेला. ते दिवशी पंतांनी डॉक जोडिला, पडदा उजळला, श्रीमंतांची स्वारी येऊन गादीवर बसली, आणि पंत पाहतात तो लॅपटॉपाची बॅटरी अकरा टक्के, आणि चढण्याऐवजी उतरते आहे.

मग यंत्रशाळेचे दारोगा यासीनभाई बागवान यांस पाचारण जाहले. ते येऊन कानाशी बोलिले, "पंत, बंद करून चालू केलंत?"

"केलं."

"वायर काढून परत लावलीत?"

"लावली. भाई, आता आमचंच बंद होणं राहिलंय."

मग यासीनभाईंनी भिंतीचे बटण पाहिले, ते चालू. चार्जर स्वतःच्या फोनास लावोन पाहिला, फोन घटाघटा वीज पिऊ लागला. भिंत निर्दोष, चार्जर निर्दोष. तो चार्जर थेट लॅपटॉपास लावावा, तर लॅपटॉपास तैसे छिद्र एकच. डॉक सुटावा आणि पडदा आंधळा व्हावा. पुन्हा सर्व जोडिले तो बॅटरी सातावर. तेव्हा यासीनभाई कपाळास हात लावोन म्हणाले, "पंत, या पेटीला भिंतीकडून काही मिळतच नाहीये. पडदा चालू ठेवायला ही तुमच्या लॅपटॉपातलीच वीज पितेय."

पंत म्हणाले, "म्हणजे रयतेला पोसायला पाठवला, तो रयतेच्याच पानावर जेवायला बसला. नवीन काय त्यात?"

"काय कुजबुज चालली आहे?" श्रीमंतांनी विचारिले.

"वीज गोळा होते आहे, श्रीमंत," पंत बोलिले.

मग यासीनभाईंनी डॉकाच्या चार्जरकडील छिद्रात विजेरी मारिली आणि ती पंतांच्या हाती दिली. पंतांनी आत पाहिले. आत दोन अक्षता, झेंडूची एक पाकळी, आणि वरोन वाळलेल्या कुंकवाचे लिंपण. कारण ऐसे की, राज्यातील तलवारी संग्रहालयात गेल्यापासोन खंडेनवमीस यंत्रांचीच पूजा होई, आणि दरबारी डॉकाची पूजा श्रीमंत स्वहस्ते, उदार हस्ते करीत. आता हे बोलावे कोणी? मागे एकाने, श्रीमंतांनी नारळ फोडिला त्याने फरशी तडकली, ऐसे सहज म्हटले. ते गृहस्थ हल्ली घाटावरील नाक्यावर येणारेजाणारे ट्रक मोजतात. यासीनभाई म्हणाले, "टाचणीनं निघेल. पण सगळ्यांदेखत काढू कसं?"

खजिनदार पोंक्षे लांबोन बोलिले, "जमत नसेल तर पुढच्या दरबारी घ्या की! पाणी काय कुठे पळून जातंय?"

सज्जातोन अनसूयाबाई ओरडल्या, "तेच तर करतंय हो, खजिनदार! आमच्या पेठेत कधी थांबलंय?"

दरबार हसला. बॅटरी चारावर आली. तेव्हा सदानंदपंत अत्यंत थकलेल्या चालीने गादीपुढे गेले आणि हात जोडोन बोलिले, "श्रीमंत, डॉकाची उत्तरपूजा राहिली आहे. आपण आवाहन केलंत, पूजा केलीत, विसर्जन कोणी केलं नाही. देवता आत बसून आहे. बसलेल्या देवतेनं काम कसं करावं?"

श्रीमंतांची मुद्रा फुलली. "इतका प्राण आमच्या पूजेत? आणा ताम्हन!"

मग ताम्हन आले, पळी आली, आणि भटजी रजेवर म्हणोन पंतच संकल्प सांगो लागले. तिथी, वार, नक्षत्र जाहले, श्रीमंत मागोमाग म्हणत गेले, आणि हेतूचे ठिकाण आले तेथे पंत म्हणाले, "पूर्वपेठेस नळाचे पाणी देतो." हे त्यांनी योजोन म्हटले की शिणलेल्या जिभेवर तेवढेच उरले होते, याविषयी जाणत्यांत दोन मते आहेत. श्रीमंतही म्हणाले, "पूर्वपेठेस नळाचे पाणी देतो," आणि उदक सोडिले. यासीनभाईंनी ताम्हन पुढे धरिले होते, परंतु श्रीमंतांचा हात सढळ. उदक थेट डॉकावर पडले. बारीक चट्ट ऐसा आवाज जाहला, पडदा काळा पडला, आणि लॅपटॉपानेही त्याच क्षणी प्राण सोडिला.

"गेली देवता!" श्रीमंत गहिवरोन बोलिले. पोंक्षे पुढे धावले, "श्रीमंत, योजना तर अजून कोणी पाहिलीच नाही!" परंतु सज्जात बायांनी टाळ्यांचा ऐसा कडकडाट मांडिला की त्यांचे त्यांस ऐको येईना. श्रीमंत म्हणाले, "पोंक्षे, हातचे उदक माघारी येते काय? लिहून घ्या."

पोंक्ष्यांनी लिहोन घेतले. पंत खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

येणेप्रमाणे जाहले. डॉक पुन्हा चालला नाही, नवा मागविला आहे, तो येईल तेव्हा येईल. पंत महिनाअखेर घरी गेले. योजना कोणी वाचिली नाही, म्हणोन तीत कोणास खोट काढता आली नाही, आणि पूर्वपेठेस पाणी आले.