पाच पानं आणि पिवळी टोपी

मी पाणी तपासते. नोकरीच तशी आहे: शहराला जाणाऱ्या पाण्याचे नमुने घ्यायचे, तपासायचे आणि अहवालावर सही ठोकायची. सोळा वर्षं हे काम चोख केलेल्या बाईला एक पोहण्याचा वर्ग म्हणजे हातचा मळ, असं मी घरात जाहीर करून टाकलं!

आमची कन्या नऊ वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. शिट्टी वाजली की तिचा जीव कासावीस होतो, घाई केली की ती जागीच थिजते, आणि जाईल तिथल्या फरशा मोजते. तरणतलावाच्या तळालाही फरशा असतात हे कळल्यापासून आठ महिने घरात दुसरा विषय नव्हता. पण नृत्यवर्गाने तिला दोन दिवसांत परत पाठवलं होतं आणि चित्रकलेच्या वर्गाने एकाच दिवसात. “तिच्यासारख्यांसाठी वेगळे वर्ग असतात ना, ताई,” हे वाक्य दोन्हीकडे शब्दशः तेच, जणू एकाच छापखान्यातून आणलेलं! आता तलावावरच्या सरांनी एक चाचणीचा तास दिला होता. जमलं तर प्रवेश, नाहीतर नमस्कार.

मग मी सूचनापत्र लिहिलं. पानं पाच, कलमं एकतीस. ‘एका वेळी एकच सूचना, सहा शब्दांच्या आत.’ ‘दर सात मिनिटांनी विश्रांती.’ ‘टाळ्या वाजवू नयेत, कौतुक करायचे झाल्यास दोन्ही हात हवेत हलवावेत.’ सोबत चित्रांची कार्डं, भिजू नयेत म्हणून प्लास्टिकबंद.

“अगं, मुलगी पाठवतेयस की वॉशिंग मशीन?” नवऱ्याने विचारलं.

“तू गप्प बस! नाहीतर बत्तिसावं कलम तुझ्यावर लिहीन.”

ओळख पटायला अडचण नको म्हणून पहिलंच कलम ठळक अक्षरांत होतं: पिवळी रबरी टोपी.

शनिवारी कन्या कपडे बदलायला आत गेली आणि मी सरांना पत्रक दिलं. “काळजी सोडा, ताई! आमच्याकडे सगळी मुलं सारखी,” असं माझ्याकडे न बघताच म्हणत त्यांनी मला पालकांच्या गॅलरीत पिटाळलं. गॅलरी वरच्या मजल्यावर, जाड काचेमागे. खालचा एक शब्द ऐकू येईल तर शपथ! आणि मुली म्हणजे चष्मे लावलेली, एकसारख्या निळ्या पोशाखातली पंधरा बेडकं.

शेजारी एक वकीलबाई बसल्या होत्या. “तुम्हाला कळलं का?” त्या माझ्या कानाशी लागल्या. “आज म्हणे एक ‘तशी’ मुलगी येणार आहे. एकीपायी चौदा जणींचा वेळ फुकट! मी लेखी हरकत घेणार आहे.”

मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले. काय, ते मला अजून आठवलेलं नाही.

खाली सरांनी पिवळ्या टोपीला बाजूला घेतलं. कार्डं निघाली. तिने पाय बुडवला आणि सरांनी दोन्ही हात असे हलवले, जणू विमान उतरवतायत! सात मिनिटं झाली की टॉवेलात गुंडाळून खुर्चीत. कलमांचं तंतोतंत पालन! माझे डोळे भरून आले.

वकीलबाईंचेही आले. “बघा, बघा! हुशार मूल कसं बरोब्बर हेरलं सरांनी! माझीच आहे ती, पिवळ्या टोपीतली. टोपी कुणाची घातलीय कोण जाणे, पण चाल ओळखते मी!”

“पिवळी... तुमची?”

“मग! मागचे दोन शनिवार कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच येत नव्हती. आज बघा!”

मग माझी कुठे होती? मी काचेला नाक लावलं. उरलेल्या चौदा जणींच्या रांगेत, तिसरी, पांढऱ्या टोपीत, मान खाली घालून फरशा मोजत! रांग सांभाळणाऱ्या मावशींनी शिट्टी तोंडाला लावली. कन्येने कानांवर हात घेतले. मावशींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि नुसता हात वर केला. कन्या पाण्यात उतरली. झालं! कलम नाही, कार्ड नाही, काही नाही!

“ती पांढऱ्या टोपीवाली बघा, किती शिस्तीची!” वकीलबाई म्हणाल्या. “अशा मुली हव्यात वर्गाला. आणि ‘तशी’ म्हणजे ती असणार, रांगेच्या टोकाला भोकाड पसरलेली.”

“ती माझी आहे,” मागून एक गृहस्थ म्हणाले. “तिला भूक लागलीय.”

नमुन्यांची अदलाबदल झाली की तत्क्षणी कळवायची, हा माझ्या कामाचा पहिला नियम. मी अठरा मिनिटं कळवलं नाही. कळवलं असतं तर सरांनी कन्येला रांगेतून उचलून खुर्चीत बसवलं असतं, तेही माझ्याच सहीने! बसून राहिले. वर कलमाप्रमाणे दोन्ही हातही हवेत हलवत राहिले.

तास संपल्यावर आम्ही खाली उतरलो. सरांनी पिवळ्या टोपीला वकीलबाईंसमोर उभं केलं. “अभिनंदन, ताई! मुलगी अशी असूनही काय सुंदर प्रतिसाद दिला!”

“अशी म्हणजे कशी?” आवाज तलावभर घुमला.

सर गडबडीने पत्रक चाळू लागले. “हे काय, तुम्हीच तर लिहिलंय, स्वमग्न...”

“मी? तुम्हाला कोर्टात उभं करीन!”

मी हात वर केला. “पत्रक माझं आहे. आणि मुलगी ती, पांढऱ्या टोपीतली.”

सगळे कन्येकडे वळले. “रबर केस ओढतं,” ती म्हणाली. “तिला पिवळी हवी होती. मला तिची कापडी हवी होती. तळाला बेचाळीस दिसल्या. बाकीच्या खोल भागात आहेत.”

“पण हिला मी काहीच वेगळं केलं नाही!” सर हादरलेच. “म्हणजे चाचणी झालीच नाही! पुन्हा घ्यावी लागेल, पत्रकाप्रमाणे.”

मी पत्रक सरांच्या हातून काढून घेतलं.

“झाली की, सर,” मावशी टॉवेल पिळत म्हणाल्या. “तासभर माझ्याच रांगेत होती. शिट्टी तेवढी नको तिला. मी हात वर करते, ती बघते.”

सरांनी आपल्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं, मग वकीलबाईंकडे, आणि प्रवेशअर्जावर घाईघाईने सही केली.

दाराशी वकीलबाईंनी मला गाठलंच. मी हरकत ऐकायच्या तयारीने उभी राहिले.

“ते पत्रक,” त्या इकडेतिकडे बघत पुटपुटल्या, “त्याची एक प्रत मिळेल का? कार्डांसकट. आमची आज पहिल्यांदाच रडली नाही हो.”

मी मूळ प्रतच त्यांच्या हाती ठेवली आणि विजयी मुद्रेने कन्येला घेऊन बाहेर पडले. “मग? पुढच्या शनिवारी मी तुझ्यासाठी काय काय करू?”

तिने बराच विचार केला. “तू वरून हात हलवत होतीस. मी मोजायला दोनदा चुकले.”

“बरं, नाही हलवणार. मग मी कुठे बसू?”

“घरी.”